लिनक्सवर प्रिंट अडकते कुठे, आणि परवानगी नेमकी कोणाची लागते

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी जुने कॉम्प्युटर अचानक बाद ठरले. मग कोणीतरी सांगतं की अरे विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं. आणि खरंच पळतं. ब्राउझर चालतो, व्हिडिओ चालतात, मराठी टायपिंग होतं, आठवडाभर सगळे खूश असतात, आणि मग एक दिवस कोणाला तरी प्रिंट काढायची असते.

आमच्या लालबागच्या गल्लीत एक अभ्यासिका आहे, चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहापासून येऊन बसतात. तिथले चार कॉम्प्युटर आम्ही जरा आधीच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर नेले. जुलैमध्ये मला फोन आला की ताई, प्रिंटर काकांचं ऐकतो, आमचं ऐकत नाही. काका म्हणजे अभ्यासिका सांभाळणारे. त्यांच्या लॉगिनमधून प्रिंट निघते, 'विद्यार्थी' नावाच्या लॉगिनमधून निघत नाही. प्रिंटर तोच, वायर तीच, कॉम्प्युटरही तोच. पोरांनी तोवर ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्राम, दोनदा काढून परत टाकला होता, एकाने तर सगळं लिनक्सच पुसून विंडोज टाकूया म्हणून पेन ड्राइव्ह तयार ठेवला होता.

लिनक्सवर प्रिंट अडली की आपण ड्रायव्हरच्या मागे लागतो. बऱ्याचदा ड्रायव्हरचा काही संबंध नसतो, कागद वाटेत कुठेतरी थांबलेला असतो आणि तिथे कोणीतरी विचारत असतं की तू कोण, तुला हे करायचा अधिकार आहे का. ती जागा सापडली की काम दहा मिनिटांचं असतं, म्हणून आधी वाट समजून घेऊ.

गिरणीत दळण टाकतो तसं

तुम्ही प्रिंटचं बटण दाबता तेव्हा फाइल थेट प्रिंटरकडे जात नाही. मध्ये एक प्रोग्राम सतत चालू असतो, त्याचं नाव कप्स. १९९९ मध्ये तो लोकांसमोर आला, मायकल स्वीट यांनी लिहिला, पुढे ॲपलने आपल्या मॅकमध्ये तोच घेतला आणि २००७ मध्ये विकतही घेतला. आता ओपनप्रिंटिंग नावाचा गट त्याची मुख्य देखभाल करतो. म्हणजे मॅकवर प्रिंट काढणारे आणि लिनक्सवर प्रिंट काढणारे दोघंही मुळात एकाच गिरणीत दळण टाकतात.

गिरणी म्हणते ते मुद्दाम, कारण कप्स अगदी पिठाच्या गिरणीसारखा चालतो. आपण गव्हाचा डबा नेतो, डब्यात चिठ्ठी असते की बारीक दळा, गिरणीवाला डबा फळीवर रांगेत ठेवतो, नंबर आला की चक्कीत टाकतो, आणि पोऱ्या दळलेला डबा घरी आणून देतो. इथे डबा म्हणजे तुमची फाइल, तिला जॉब म्हणतात. फळी म्हणजे स्पूल, हार्ड डिस्कवरचं एक फोल्डर, जिथे जॉब रांगेत थांबतात. चक्की म्हणजे फिल्टर, तो तुमच्या पीडीएफचं त्या प्रिंटरला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो, आणि आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो तो मुख्यतः या चक्कीचाच भाग. पोऱ्या म्हणजे बॅकएंड, तो यूएसबीने किंवा वायफायने तयार माल प्रिंटरपर्यंत पोचवतो.

आता दळण मिळालं नाही तर आपण काय करतो? चक्की खोलायला लागत नाही ना? आधी विचारतो, डबा पोचला का, फळीवर आहे का, चक्की चालू आहे का, पोऱ्या निघाला का. इथेही तेच, याच क्रमाने.

चक्की बंद आणि दार बंद

गिरणीवर दोन प्रकारे काम थांबतं. एक, चक्कीचा पट्टा तुटलाय पण गिरणीवाला म्हणतो डबा ठेवून जा, नंतर दळतो. दोन, दारावरच पाटी, आज दळण घेणार नाही. कप्समध्ये हे दोन वेगळे स्विच आहेत. मिंटच्या प्रिंटर सेटिंगमध्ये प्रिंटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, त्यात पॉलिसीज म्हणून पान असतं, तिथे एनेबल्ड आणि ॲक्सेप्टिंग जॉब्स असे दोन चौकोन शेजारी शेजारी दिसतात. एनेबल्डवरची टिक गेली म्हणजे चक्की बंद, डबे घेणं चालूच. ॲक्सेप्टिंग जॉब्सवरची गेली म्हणजे दारच बंद. पहिला प्रकार फार फसवा, कारण प्रिंट दाबलं की स्क्रीनवर काही तक्रार येत नाही, सगळं नीट गेल्यासारखं वाटतं आणि कागद काही येत नाही.

अभ्यासिकेत हेच झालं होतं. जुलै महिना, तळमजला, कागद सादळलेला. सादळलेला कागद एकमेकाला चिकटतो, दोन-दोन पानं ओढली जातात आणि प्रिंटरमध्ये अडकतात. कागद अडकला, प्रिंटरने एरर दिली, आणि कप्सने चक्की बंद केली. कप्समध्ये प्रत्येक प्रिंटरसाठी एक एरर पॉलिसी असते, म्हणजे चूक झाली तर काय करायचं याचा आधीच देऊन ठेवलेला हुकूम, आणि आमच्या प्रिंटरला तो होता स्टॉप प्रिंटर. कोणीतरी अडकलेला कागद ओढून काढला, प्रिंटरचा हिरवा दिवा लागला, पण कप्सला कोणी सांगितलंच नाही की बाबा आता चालू कर. पोरं प्रिंट दाबत राहिली, डबे फळीवर साचत राहिले.

मी गेले तेव्हा काकांच्या लॉगिनमधून रांग उघडली, रिझ्यूम दाबलं, आणि एकाच मुलीचं एकच हॉल तिकीट अकरा वेळा बाहेर आलं. ती बिचारी दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेसाठी आदल्या रात्रीपासून दाबत होती, शेवटी बाहेर जाऊन झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलं होतं.

मग पोरांनाच रिझ्यूम का दाबता येत नव्हतं? दाबता येत होतं, पण दाबलं की पासवर्ड विचारत होतं. तो काकांचा, आणि काका दुपारी जेवायला घरी जातात. काका परत आले की कागद निघायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं प्रिंटर काकांनाच ओळखतो. इथून परवानगीचा विषय सुरू होतो.

कोणाला काय करता येतं

लिनक्स पहिल्यापासून एका मशीनवर अनेक माणसं बसणार असं धरून बनलेलं आहे. प्रत्येक माणसाचं खातं, आणि खात्यांचे ग्रुप. एखाद्याला एखादं काम करू द्यायचं असेल तर त्याला त्या ग्रुपमध्ये घालायचं. चाळीत पाण्याचा नळ सगळ्यांचा असतो, टाकीची किल्ली मात्र एक-दोघांकडेच असते, तसंच.

प्रिंटिंगमध्ये साधारण असं आहे. प्रिंट काढणं सगळ्यांना मोकळं, ग्रुपबिप काही लागत नाही, मुद्दाम कोणी बंदी घातली नसेल तर. स्वतःचा जॉब रद्द करणंही मोकळं, आपला डबा आपण परत नेऊ शकतो. दुसऱ्याचा जॉब रद्द करणं, थांबलेला प्रिंटर चालू करणं, नवा प्रिंटर जोडणं, सेटिंग बदलणं, हे सगळं किल्लीवाल्यांचं काम, आणि उबंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत त्या ग्रुपचं नाव एलपीॲडमिन. लिनक्स टाकताना जे पहिलं खातं बनतं ते उबंटू-मिंटमध्ये आपोआप या ग्रुपमध्ये असतं, म्हणून काकांचं चालत होतं. नंतर साधं म्हणून बनवलेलं खातं त्यात नसतं. फेडोरा नावाच्या आणखी एका प्रकारात हा ग्रुप वेगळा, तिथे व्हील ग्रुपवाल्यांना हा अधिकार असतो, त्यामुळे उबंटूची माहिती वाचून फेडोरावर एलपीॲडमिन शोधत बसू नका.

अजून एक गोष्ट लोकांना बिघाड वाटते. साध्या खात्यातून रांग बघितली तर दुसऱ्यांच्या जॉबचं नाव दिसत नाही, नुसतं अननोन किंवा विथहेल्ड असं काहीतरी येतं. ते मुद्दाम झाकलेलं आहे. कोणी 'राजीनामा' नावाची फाइल प्रिंटला टाकली तर ते शेजारच्या टेबलावर कळायचं कारण नाही.

मग सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकू की

हे मला काकांनीच विचारलं, आणि त्यांचं चुकीचं नव्हतं, ते म्हणाले अगं ही आपलीच पोरं आहेत, कोण काय करणार.

पण फळीवर काय ठेवलेलं असतं ते बघा. कप्स साधारणपणे छापून झालेल्या जॉबची फाइल लगेच पुसत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे एक दिवस ठेवतो, परत छापायची वेळ आली तर हाताशी असावी म्हणून. अभ्यासिकेत लोक काय छापतात? आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक. दिवसभरात वीस-पंचवीस जणांची ही कागदपत्रं त्या एका फोल्डरमध्ये पडून असतात, आणि ती साध्या खात्यातून उघडता येत नाहीत याचं कारण ही परवानगीच. ती काढून टाकली तर शेवटी येणारा मुलगा पहिल्या मुलीचं आधार वाचू शकतो. पोरं चांगली आहेत, पण पेन ड्राइव्ह घेऊन बाहेरचीही माणसं येतात.

आणि एलपीॲडमिनची किल्ली दिसते त्यापेक्षा मोठी आहे. २०१२ मध्ये कप्समध्ये एक भोक सापडलं होतं, एलपीॲडमिन ग्रुपमधला माणूस कप्सचं सेटिंग बदलून मशीनवरच्या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, फाइलीसुद्धा वाचू शकत होता. त्यावर उपाय म्हणून सेटिंगच्या दोन फाइली केल्या. नेहमीचं सेटिंग कप्सडी.कॉन्फमध्ये, आणि नाजूक गोष्टी, अगदी कुठला ग्रुप ॲडमिन धरायचा हेसुद्धा, कप्स-फाइल्स.कॉन्फमध्ये, जी दुरून बदलता येत नाही. इंटरनेटवरची जुनी माहिती वाचून तुम्ही पहिल्या फाइलमध्ये सिस्टिमग्रुपची, म्हणजे ॲडमिन ग्रुप ठरवणारी, ओळ शोधत असाल आणि ती सापडत नसेल तर ती दुसरीत आहे.

आम्ही काय केलं? रोज येणाऱ्यांपैकी दोघांना स्वतःची खाती काढून दिली आणि फक्त ती एलपीॲडमिनमध्ये घातली, सुपरॲडमिन केलं नाही. 'विद्यार्थी' खातं होतं तसंच साधं ठेवलं. आणि एरर पॉलिसी स्टॉप प्रिंटरवरून रिट्राय जॉबवर नेली, म्हणजे कागद अडकला तर कप्स थोड्या वेळाने स्वतःच परत प्रयत्न करतो, चक्की बंद करून बसत नाही. खरं सांगायचं तर नव्वद टक्के त्रास या एका बदलानेच गेला. कागदाचं बंडल आता प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवतात, तेही सांगायला हवं.

तीन आकडे, सात सात सात

इंटरनेटवर एक उपाय फार फिरतो. प्रिंट निघत नाही तर अमुक फोल्डरला सीएचमॉड सातशे सत्त्याहत्तर कर. सीएचमॉड ही परवानगी बदलायची कमांड. तीन आकडे तिघांसाठी, पहिला फाइलच्या मालकाचा, दुसरा त्याच्या ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्या जगाचा. आकडा बनतो तो बेरजेने, वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, म्हणजे सात म्हणजे तिन्ही गोष्टी. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. घराचं दार अडकतंय म्हणून दारच काढून ठेवायचं, तसा हा उपाय.

आणि प्रिंटिंगमध्ये तो उलटा बसतो. कप्स कुठलाही फिल्टर चालवायच्या आधी त्या फाइलची परवानगी तपासतो. फाइल कोणालाही बदलता येण्यासारखी असेल तर कप्स म्हणतो यात कोणी काय घुसवलंय काय माहीत, मी नाही चालवणार. लॉगमध्ये, म्हणजे कप्सच्या नोंदवहीत, ओळ येते की या फाइलची परवानगी असुरक्षित आहे, आणि स्क्रीनवर आपल्याला नुसतं दिसतं फिल्टर फेल्ड. एका ओळखीच्या ताईंच्या ऑफिसात असंच झालं होतं, आधी एकच प्रिंटर अडला होता, कोणीतरी हा उपाय करून ठेवला आणि मग कुठलाच चालेना. फिल्टरची फाइल रूटच्या मालकीची आणि ७५५ परवानगीची असायला हवी, म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचायला आणि चालवायला, बदलायला नाही. ते परत तसं केलं आणि प्रिंट सुरू.

बॅकएंडचं, म्हणजे पोऱ्याचं, आणखी बारीक आहे. त्याची फाइल सगळ्यांना चालवता येत असेल तर कप्स त्याला एलपी नावाच्या साध्या खात्याने पाठवतो, आणि फक्त रूटलाच चालवता येत असेल, म्हणजे ७००, तर रूट म्हणून पाठवतो. म्हणजे इथे परवानगी वाढवली की पोऱ्याचा अधिकार कमी होतो! काही बॅकएंडना रूटचा अधिकार लागतोच, ती फाइल उदारपणे ७५५ केली की ते चालायचे बंद होतात. मला हे कळायला बराच काळ गेला, त्यामुळे तुम्ही गोंधळलात तर वाईट वाटून घेऊ नका.

ग्रुपमध्ये घातलं तरी चालत नाही

दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो.

मिंटमध्ये यूझर्स अँड ग्रुप्स उघडून नावापुढे ग्रुपची टिक लावली की काम होतं, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, लागत नाही. पण कोणी टर्मिनलमधून करत असेल तर यूझरमॉड कमांडमध्ये मोठ्या जी च्या आधी छोटा ए हवाच. ए म्हणजे आहे त्यात भर घाल. ए विसरलात तर लिनक्स असं समजतो की या माणसाला फक्त याच ग्रुपमध्ये ठेव आणि बाकीच्या सगळ्या जोडीच्या ग्रुपांतून काढ, त्यात सुडो, म्हणजे मशीनच्या ॲडमिनचा ग्रुप, सुद्धा गेला की मशीनवर दुसरा कोणी ॲडमिन नसेल तर तुम्ही स्वतःच बाहेर. एका अक्षराने.

दुसरं, ग्रुप बदलला की त्या माणसाने लॉगआउट करून परत लॉगिन करायला हवं, नुसतं स्क्रीन लॉक करून उघडलं तर चालत नाही. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी हातात मिळते, मधे बदललेली जुन्या सेशनला कळत नाही.

तिसरं, कप्सचं स्वतःचं एक वेबपान असतं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, मग कोलन, मग ६३१ टाकलं की उघडतं, इंटरनेट लागत नाही, ते तुमच्याच मशीनवर आहे. तिथे ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलं की नाव-पासवर्ड मागतं आणि लोक तिथे रूट असं नाव टाकतात. उबंटू आणि मिंटमध्ये रूटला पासवर्डच दिलेला नसतो, मग तो लागणार कसा. तुमचंच नेहमीचं लॉगिन नाव आणि पासवर्ड टाका. पासवर्ड बरोबर असूनही फॉरबिडन आलं तर नाव बरोबर आहे पण किल्ली नाही, म्हणजे एलपीॲडमिनमध्ये नाही, इतका सरळ अर्थ.

पण विंडोजवर तर असलं काही नव्हतं

विंडोजवरही परवानग्या आहेतच, फरक एवढाच की घरच्या विंडोजवर आपण बहुतेक वेळा ॲडमिन म्हणूनच बसलेलो असतो त्यामुळे त्या जाणवत नाहीत. आणि ड्रायव्हर कंपनीने स्वतः लिहून दिलेला असतो. लिनक्ससाठी पूर्वी कंपन्या ते देत नसत, लोकांनी उकलून-उकलून लिहिले. आपल्याकडे घरोघरी दिसणारा एचपी लेझरजेट १०२० घ्या, त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचा आतला प्रोग्राम, कायमचं नसतं, दर वेळी प्रिंटर चालू केला की कॉम्प्युटरला ते त्याच्याकडे पाठवावं लागतं. लिनक्सवर त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरबरोबर एक वेगळा प्लगइन, म्हणजे जोडीचा तुकडा, उतरवून घ्यावा लागतो, तो घेतला नाही तर प्रिंटर यादीत दिसतो, जॉब जातो, आणि कागद हलत नाही. ही मात्र खरीखुरी ड्रायव्हरची अडचण.

गंमत म्हणजे हे सगळं मुक्त सॉफ्टवेअरचं जग सुरू झालं त्यात अडकलेल्या कागदाचाही हात आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर काम करायचे. तिथल्या जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय केली होती की कागद अडकला की रांगेत असलेल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जाईल, मग जो जवळ असेल तो जाऊन काढेल. नंतर झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला, तोही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येणारं मूळ लिखाण, त्यांना मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने कोणाला देणार नाही असं कबूल केलेलं होतं. या अनुभवाचा स्टॉलमनवर खोल परिणाम झाला, १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, आणि १९९१ मध्ये आलेलं लिनक्स त्याच्याच जोडीने उभं राहिलं. अभ्यासिकेत काका जेवायला गेलेले, कागद अडकलेला, आणि कोणालाच कळत नाही की आपली प्रिंट का येत नाही, हे बघताना मला तोच प्रसंग आठवत होता.

आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. नवीन प्रिंटर घ्यायचा असेल तर खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का तेवढं बघा. असे प्रिंटर आयपीपी नावाची एकच ठरलेली भाषा बोलतात, त्यांना बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हरच लागत नाही, नेटवर्कवर आले की लिनक्सला दिसतात. दुकानदार म्हणेल सगळे सारखेच, पण तुम्ही खोका वाचा.

प्रिंटर यादीत दिसतच नाही

वायरचा प्रिंटर असेल तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी टाइप करा, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, जोडून. त्यात प्रिंटरचं नाव नसेल तर वायर किंवा पोर्ट बघा, कप्सपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. नाव असेल आणि कप्सला दिसत नसेल तर परवानगी बघायची. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूची लिनक्समध्ये एक फाइल असते, आणि प्रिंटर असेल तर सिस्टिम ती एलपी ग्रुपच्या हवाली करते, म्हणजे पोऱ्या आत जाऊ शकतो. हे आपोआप होतं, त्यामुळे आधी वायर काढून परत लावा, त्यानेही नाही झालं तर पुढे जा. आणि एलपी आणि एलपीॲडमिन हे दोन वेगळे ग्रुप आहेत, नावं सारखी म्हणून गल्लत होते. एलपी प्रिंटिंगच्या यंत्रणेसाठी, एलपीॲडमिन माणसांसाठी.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पाठवायचं तर

कप्स मूळ सेटिंगमध्ये फक्त आपल्याच मशीनचं ऐकतो. दुसऱ्यांचं ऐकायला तीन गोष्टी लागतात. सर्व्हर सेटिंगमध्ये शेअरिंग चालू, त्या विशिष्ट प्रिंटरच्या पॉलिसीज पानावर शेअर्डची टिक, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, ६३१ नंबरचा दरवाजा घरच्या नेटवर्कपुरता उघडा. लोक पहिली करतात, दुसरी विसरतात. तिन्ही करूनही दिसत नसेल तर वायफाय बघा, एक मशीन गेस्ट वायफायवर असेल तर राउटर दोघांना एकमेकांशी बोलूच देत नाही.

दरवाजा घरापुरताच का, तर २६ सप्टेंबर २०२४ ला सिमोने मार्गारितेल्ली या सुरक्षा संशोधकाने कप्सच्या जोडीला चालणाऱ्या कप्स-ब्राउझ्डमधली त्रुटी उघड केली. हा प्रोग्राम नेटवर्कवरचे प्रिंटर शोधून यादीत घालतो, आणि तो ६३१ वर कोणाचंही ऐकत होता. बाहेरचा माणूस निरोप पाठवून खोटा प्रिंटर तुमच्या यादीत घालू शकत होता, आणि तुम्ही त्यावर प्रिंट पाठवली की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालायची. नेहमीच्या गिरणीशेजारी कोणी खोटी पाटी लावावी आणि आपण डबा तिथे द्यावा, तसं. दुरुस्त्या आल्या आहेत, अपडेट केलेलं असेल तर काळजी नाही, आणि तुमचा प्रिंटर वायरचाच असेल तर कप्स-ब्राउझ्ड बंद करून टाकला तरी प्रिंट चालूच राहते.

लॉग वाचायची भीती

एलपीस्टॅट, मग जागा, मग डॅश आणि टी. एवढी एक कमांड पाठ करा. ती एका दमात सांगते की कप्स चालू आहे का, नेहमीचा प्रिंटर कुठला, दळण घेतलं जातंय का, चक्की चालू आहे का, रांगेत काय आहे. तिथे डिसेबल्ड सिन्स आणि तारीख दिसली की प्रिंटर बिघडला असं नाही, त्या तारखेला चक्की बंद झाली एवढंच.

त्यातून कळलं नाही तर व्हीएआर, त्यात लॉग, त्यात कप्स या फोल्डरमधली एरर लॉग नावाची फाइल उघडायची. प्रत्येक ओळीची सुरुवात एका इंग्रजी अक्षराने होते, ई असेल तर एरर, डब्ल्यू असेल तर इशारा, आय आणि डी म्हणजे नुसती माहिती. शेवटून वर वाचत या आणि ई शोधा. ही फाइल साध्या खात्याला उघडत नाही, तिलाही परवानगी लागते, तेव्हा आधी काकांना हाक मारा. आणि मदत मागताना 'प्रिंटर चालत नाही' असं लिहिण्याऐवजी ती ई ची ओळ जशीच्या तशी द्या, समोरच्याला त्यातून नव्वद टक्के कळतं.

कागद ए-४ असूनही प्रिंटर दिवा लुकलुकवत कागद मागत बसला तर ही परवानगीची भानगडच नाही, सेटिंगमध्ये अमेरिकेचा लेटर साइज लागलेला असतो, तो ए-४ करा.

अभ्यासिकेत आता प्रिंटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर त्या दोन पोरांची नावं आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एकदाच दाबा'. जुना स्कॅनर मात्र अजून फक्त काकांच्याच लॉगिनमधून चालतो. स्कॅनरचं खातं कप्सकडे नसतं, ते सेन नावाची वेगळी यंत्रणा बघते, आणि डेबियन-उबंटूमध्ये त्याचा ग्रुपही वेगळा, स्कॅनर नावाचाच. येत्या रविवारी तेच बघायला बसणार आहे.